घोंगडीतला फायटर

लग्नानंतर पहिली दीड-दोन वर्षं मी सासऱ्यांशी एक वाक्यही सरळ बोलले नव्हते. आमचं काही वाकडं नव्हतं. त्यांच्या घरात सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती, एवढंच. मी दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे सगळे एकदम बोलायचे, गाडी आली की थांबायचे, आणि गाडी गेली की ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जायचं. तिथून मी मांडवगण फराटा गावच्या घरात सून म्हणून आले, तर आबा कायम ओसरीवर आणि मी आत. त्यांना काही हवं असलं की ते सासूबाईंना सांगायचे, सासूबाई मला सांगायच्या, आणि माझं उत्तर त्याच वाटेनं परत जायचं.

पुढे नवऱ्याला शिक्रापूरला एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिथं खोली घेतली. रस्त्याकडेच्या रानात एका शेतकऱ्यानं ओळीनं दहा खोल्या बांधल्या होत्या, त्यातली आमची शेवटची. समोरून मोठा ट्रक गेला की मांडणीवरची भांडी किणकिणायची. शेजारपाजारच्या बायका त्या आवाजाला वैतागलेल्या असत. मला लहानपणापासून रुळांची सवय, त्यामुळे उलट बरं वाटायचं.

मासा आमच्याकडे आला तो नवऱ्याच्या एका मित्राकडून. त्याच्याच मशीनवर काम करणारा तो मुलगा बिहारकडचा होता. त्याला गुजरातेत दुसरी नोकरी मिळाली. जायच्या दिवशी तो पाठीवर बॅग आणि हातात मोठी काचेची बरणी घेऊन दारात उभा राहिला. बरणीत बोटभर लांबीचा, गडद रंगाचा, लांब झुपकेदार पंखांचा एकच मासा. दुकानदार त्या जातीला ‘फायटर’ म्हणतात, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. “भाभीजी, रोज चार दाने,” खिशातून माशाच्या खाण्याची डबी काढत तो म्हणाला. “चार मतलब चार.” मग बरणी उंबऱ्यावर ठेवली, खाली वाकून तिला टकटक केली आणि मागं न बघता निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं. त्या परक्या गावात त्याच्या खोलीवर एवढंच एक जिवंत माणूस असावं, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच हिवाळ्यात आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धूर नको, धूळ नको, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. गावाकडच्या घरात धूर आणि धूळ सोडून दुसरं काय असणार? सासूबाईंना म्हशी सोडून येता येईना. म्हणून आबा एकटेच आमच्या खोलीवर आले. डोक्याला पटका, खांद्यावर काळी घोंगडी, आणि डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला भलामोठा काळा चष्मा. हा चष्मा दिवसभर लावायचा असं सांगितलं होतं, तर आबा तो खोलीतसुद्धा काढत नसत. जेवतानाही नाही.

नवरा पहाटे पहिल्या पाळीला जायचा. मग दुपारपर्यंत त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि आबा. आता मधे निरोप्या कोण? मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी, आणि ते खिडकीशी सतरंजीवर बसलेले. टीव्ही बघायचा नव्हता. वाचायला येत नव्हतं. आयुष्यभर मेंढरांमागं दिवसाला पाच-सहा कोस चाललेला माणूस तो. दोन दिवसांत त्यांचे गुडघे बसून बसून आखडले.

पहिल्या दिवशी त्यांनी माशाकडं बघून नवऱ्याला विचारलं होतं, “ह्यो काळा मासा कशापायी पाळलाय? दूध देतोय का लोकर देतोय?”

तिसऱ्या दिवशी त्यांची सतरंजी खिडकीला अगदी चिकटली आणि चष्मा खिडकीतल्या बरणीला. चौथ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत असताना मागून आवाज आला, “गड्या, च्याची येळ झाली वाटतं.”

मी वळून पाहिलं. ते माशाशी बोलत होते.

मी चहा ठेवला. कप त्यांच्याजवळ नेऊन ठेवताना माझ्याही तोंडून निघून गेलं, बरणीकडं बघूनच, “आबांना विचार, साखर बरोबर आहे का?”

आबांनी घोट घेतला, माशाला म्हणाले, “झ्याक हाय म्हणावं.”

तेव्हापासून आमचं चालू झालं. माशाला सांगून त्यांनी माझ्याकडून भाकरी कडक करवून घेतली, भाजीतलं तिखट वाढवून घेतलं, डोळ्यात औषध टाकायची वेळ झाल्याची आठवण करून दिली. मीही माशाला सांगून त्यांना आंघोळीचं पाणी काढल्याचं कळवायची. नवरा घरी आला की आम्ही दोघंही गप्प. त्याला वाटायचं, बायको आणि बाप दिवसभर मुक्यानं बसतात. त्याला आमची दया यायची.

आबा येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. थंडी चांगलीच पडली होती, सकाळी बरणीची काच हाताला गार लागायची. मी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होते, तोच आतून हाक आली.

“पोरी! इकडं ये. मासा आडवा झालाय.”

पोरी म्हणजे मी, हे कळायला मला क्षण लागला. हातातलं ओलं लुगडं तसंच टाकून आत पळाले. मासा पाण्याच्या वरच्या थराला एका कुशीवर कलंडून तरंगत होता. खाली जायला धडपडायचा, दोन बोटं खाली जायचा आणि बुचासारखा परत वर यायचा. त्याचं पोट ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यासारखं फुगलं होतं. पंखांचा तो झुपका मिटून दोरीसारखा झाला होता.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. इतक्या जवळून मी त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. “पोट फुगलंय,” ते म्हणाले. “मेंढराचं आसंच होतं. वला लसूणघास खाल्ला की फुगतंय आन् आडवं पडतंय. तासाभरात इलाज न्हाई केला तर ग्येलं.”

“मग मेंढराला काय करतात?”

“तेल पाजायचं, चोळायचं, पळवायचं.” ते थांबले. “ह्याला कसं पळवायचं?”

आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. दोन वर्षांतलं आमचं हे पहिलं सरळ बोलणं, हे त्या गडबडीत दोघांच्याही ध्यानात आलं नाही. थोड्या वेळानं आबा उठले, खांद्यावरची घोंगडी काढली, बरणीभोवती नीट गुंडाळली आणि म्हणाले, “जनावराच्या दवाखान्यात न्यायचा.”

मी म्हटलं, “आबा, तिथं गाई-म्हशी असतात.”

“मंग? ह्यो काय मानूस हाय?”

ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून बरणी मी घेतली. घोंगडी मात्र त्यांनी सोडली नाही. एक टोक बरणीला, एक टोक त्यांच्या खांद्यावर, असे आम्ही दोघं एकाच घोंगडीत बांधल्यासारखे निघालो. रस्ता ओलांडताना आबांनी हात वर केला आणि एका मालट्रकला चक्क थांबवलं, कळप पलीकडं नेताना थांबवायचे तसं. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून पाहिलं. पटका, काळा चष्मा, मागं पदर खोचलेली बाई आणि तिच्या हातात घोंगडी पांघरलेलं काहीतरी. बहुधा त्याला तान्हं मूल वाटलं असावं. त्यानं फार आदरानं आम्हाला जाऊ दिलं.

दवाखान्यासमोर गुरं अडकवून तपासायच्या लाकडी खोड्यात एक बैल उभा होता. त्याच्यामागं एक शेळी, आणि शेळीमागं आम्ही. शेळीवाल्यानं विचारलं, “आबा, काय आणलंय? कोंबडं?”

“मासा.”

“इकायला?”

“आजारी हाय,” आबा म्हणाले, आणि ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की शेळीवाला हसायचं विसरला. उलट त्यानं शेळी बाजूला घेतली. “मंग तुम्ही जावा म्होरं. माझ्या शेळीचं नुसतं खूर हाय.”

डॉक्टर पंचविशीतला, नुकताच नोकरीला लागलेला. त्यानं घोंगडी बाजूला केली, बरणीत पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता हाकलून देणार. तो रजिस्टर उघडून म्हणाला, “आबा, खरं सांगतो. माशांवर आम्हाला कॉलेजात एकच धडा होता आणि तो मी परीक्षेला सोडून दिला होता. पण माझा एक मित्र मत्स्य खात्यात आहे. थांबा, फोन लावतो.”

रजिस्टरमध्ये जनावराच्या प्रकाराचा रकाना होता. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, आणि शेवटी इतर. त्यानं ‘इतर’पुढं खूण केली. वजनाच्या रकान्याशी त्याचा पेन अडकला. “अंदाजे किती असेल?”

“दोन-तीन चिंचोके,” आबा म्हणाले.

मग फोनवर त्याची आणि मित्राची बोलणी झाली. पलीकडचा मित्र बराच वेळ हसत असावा, कारण डॉक्टर नुसताच “हां, हां, हस तू” म्हणत होता. नंतर तो लिहून घ्यायला लागला. लिहिता लिहिता रिसीव्हरवर हात ठेवून त्यानं विचारलं, “खायला कोण घालतं याला? आणि किती?”

“मी घालते,” मी म्हटलं. “सकाळी दहाला. चार दाणे. मोजून.”

“चारच?”

“चारच.”

आबा खोड्यातल्या बैलाकडं बघायला लागले. बैलात बघण्यासारखं काही नव्हतं.

“आबा?” डॉक्टरनं विचारलं.

“आता बघा डाक्टर,” आबा म्हणाले, “मी त्याला खाताना कवा बघितलंच न्हाई. दहाला मी आंघोळीला आसतो. मला वाटलं पोरगी कामात इसरत आसंल. उपाशी जित्राब म्होरं आसल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई.”

“मग काय घातलंत?”

“भाकरी. उलीशी.”

“रोज?”

“दोन टाइम. रस्सा लावून न्हाई, कोरडीच.”

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी बाहेर आले. ते संपत नाही तोवर संध्याकाळी घरी नवऱ्यानं दुसरी कबुली दिली. पहाटे कामावर निघताना तोही चार दाणे टाकत होता. “तू विसरशील म्हणून,” तो म्हणाला. “चार मतलब चार, म्हणाला होता ना तो.” तिघांनी मिळून त्या एवढ्याशा जिवाला सणाच्या पाहुण्यासारखं जेवू घातलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याशिवाय त्याला कुणी नाही.

मत्स्य खात्यातल्या मित्रानं सांगितलेलं औषध असं होतं. तीन दिवस पूर्ण उपास. पाणी उथळ ठेवायचं, म्हणजे श्वासाला वर येताना कष्ट नकोत. पाणी कोमट हवं, थंडी सोसत नाही ह्या माशांना. आणि रोज दहा मिनिटं मॅग्नेशियम सल्फेटच्या पाण्यात ठेवायचं, लिटरभर पाण्याला पाऊण चमचा. “गुरांना जुलाब व्हावेत म्हणून देतो तेच मीठ,” डॉक्टर म्हणाला, “पण माझ्याकडचं संपलंय.”

मेडिकलमध्ये ते मिळालं नाही. आबा म्हणाले, कांद्याला फवारायला आणतात ते हेच असणार, आणि मला घेऊन थेट शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारानं पोत्याकडं हात केला. “किती एकराला पायजे आबा?”

“एका बरणीला.”

“बरणीत काय लावलंय?”

“मासा लावलाय,” आबा म्हणाले. “द्या चिमूटभर. सोच्छ पांढरं बघून द्या.”

दुकानदारानं फुटलेल्या पिशवीतलं पुडीत बांधून दिलं आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत दारात उभा राहून बघत राहिला.

घरी आल्यावर मी आइस्क्रीमचा रुंद प्लास्टिकचा डबा धुऊन घेतला. आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्यात थोडं गरम मिसळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. धाकट्या भावाला आंघोळ घालताना आई असंच बघायची. आबांनीही आपलं कोपर बुडवलं आणि मान हलवली. मासा उचलायला मी चहाची गाळणी घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. “पंख आडकंल त्येचा. वाटी आण.” ते ज्या हातांनी वाटी पाण्यात तिरकी करून माशाच्या पोटाखाली सरकवत होते, त्या हातांनी त्यांनी आजवर किती कोकरं ओढून बाहेर काढली असतील. बोटं जाडजूड, नखं फुटलेली, पण पाण्यावर एक तरंग उठला नाही.

दिवस असा ठरला. सकाळी ऊन दारात आलं की डबा उन्हात. ऊन वर चढलं की आत. मिठाच्या पाण्याची दहा मिनिटं आबा नवऱ्याच्या जुन्या घड्याळावर मोजायचे. वाचता येत नसलं तरी मोठा काटा दोन घरं सरकला की झाली, हे मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. बाकी सगळा वेळ डबा घोंगडीत. आबा स्वतः थंडीत माझ्या शालीत बसायचे. गुलाबी फुलांची होती ती. त्यांना काही वाटत नव्हतं.

सगळ्यात अवघड गेला तो उपास. पहिल्याच दुपारी आबांनी दाण्यांची डबी माझ्या हातात आणून दिली. “ही माझ्या नदरंआड ठेव. माझा हात राहायचा न्हाई.” मी ती तांदळाच्या डब्यात खोल पुरली. जेवायला बसले की ते डब्याकडं पाठ करून बसायचे.

दुसऱ्या दिवसापासून ते मला त्यांच्या मेंढरांबद्दल सांगायला लागले. मेंढरं नीरेच्या, भीमेच्या काठानं कुठकुठं न्यायची, कुणाच्या रानात बसवायची, कोणती मेंढी कशी हुशार होती. एकदा दौंडजवळ रूळ ओलांडताना अर्धा कळप पलीकडं गेला आणि फाटक पडलं. “तीन गाड्या ग्येल्या बघ. हिकडं निम्मी वरडायची, तिकडं निम्मी वरडायची. मधनं डबं चाल्लेत. मी बी वरडतोय. त्या फाटकवाल्याला आसल्या शिव्या घातल्या म्हणतीस!” मग एकदम चपापून म्हणाले, “तुझं वडील तर न्हवतं ना फाटकावर?”

“नाही आबा, ते मालधक्क्यावर होते.”

“मंग वाचले,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

कळप विकला त्या दिवसाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की टेम्पो गेल्यावर ते संध्याकाळपर्यंत मेंढरं कोंडायच्या जाळीच्या रिकाम्या वाघुरीत बसून होते, आणि सासूबाई जेवायला बोलवायला आल्या नाहीत. पाण्याची सोय झाली होती, रान बागायती झालं होतं, पोरगा नोकरीला लागणार होता. आता मेंढरांमागं कोण हिंडणार? “समदं चांगलंच झालं,” ते म्हणाले. “पर सकाळी उठून करायचं काय, ते कुणी सांगितलं न्हाई.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मासा तळाला गेला आणि तिथंच पडून राहिला. रंग राखेसारखा झाला होता. कल्ला हलतोय का, हे बघायला मला डब्यावर पार वाकावं लागत होतं. नवरा पाळी संपवून आला, त्यानंही पाहिलं. तो वाईट मनाचा नाही, पण कंपनीत बिघडलेला पार्ट बाजूला टाकायची सवय. म्हणाला, “उगाच हाल कशाला करायचे त्याचे? पुण्यात दुसरा मिळेल, याच्यापेक्षा मोठा.”

आबांनी चष्म्याआडून त्याच्याकडं पाहिलं. “तू गोवरानं पडला व्हतास तवा तुझ्या आज्यानं मला ह्येच सांगायला पायजे व्हतं.”

नवरा हातपाय धुवायला गेला. आल्यावर त्यानं स्वतःच पाणी गरम करून दिलं, आणि कोपरानं तपासलंही.

चौथ्या दिवशी सकाळी उपास सोडायचा होता. हिरवा मटार बाजारात आलेला होताच. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे एक दाणा उकडला, त्याचं साल काढलं आणि आतल्या गराचा मोहरीपेक्षा लहान तुकडा केला. मी तो सुईच्या टोकावर घेऊन पाण्यात धरला. मासा हलला नाही. मी तसाच धरून राहिले. हात अवघडला तेव्हा आबांनी सुई घेतली. ते तोंडानं हलकासा आवाज करत होते, जीभ टाळ्याला लावून, कोकराला बोलवतात तसा. माशाला पाण्यात तो काय ऐकू येणार! पण बऱ्याच वेळानं तो सरकला, सुईसमोर आला, आणि त्यानं तो तुकडा घेतला. थुंकला. परत घेतला. गिळला.

 आबांनी सुई माझ्याकडं दिली आणि चष्मा काढून पटक्याच्या टोकानं पुसायला लागले. डोळा नाही हां, चष्माच.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. आबा डब्याशी पहारा देत होते. एकाएकी ते एवढ्यानं ओरडले की माझं सूप उलटलं.

“मोकळा झाला! पोरी, मोकळा झाला!”

मी धावले. खरंच, माशाच्या मागं एक बारीक हिरवट दोरा लोंबत होता. “कसा हाय? बग की. सलग का तुटक?” आबांना चष्म्यातून नीट दिसेना. मी डब्यात नाक घालून पाहिलं आणि सांगितलं, “सलग आहे आबा. चांगला लांब आहे.” “बेस! बेस!” ते म्हणाले. ज्या माणसासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याच्याशी मी माशाच्या शीचा रंग, जाडी आणि लांबी यांवर पाच मिनिटं चर्चा केली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या काकू हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात. “कोण मोकळं झालं? मुलगा का मुलगी?” त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्यांना डबा दाखवला. काकूंनी आत डोकावून पाहिलं, आबांच्या अंगावरची गुलाबी शाल पाहिली आणि म्हणाल्या, “भाकरी करपली माझी.” आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत दहाही खोल्यांत बातमी झाली होती. बायका एकेक करून मासा बघून गेल्या, एकीनं तर नारळाची वडी आणली.

पुढच्या आठवडाभरात तो खाली-वर नीट फिरायला लागला. पंख हळूहळू उघडले. मी त्याला धुतलेल्या बरणीत परत सोडलं आणि खिडकीच्या चौकटीवर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली, खायला घातलं की एक रेघ. रेघ असली की दुसऱ्या कुणी डबीला हात लावायचा नाही. आबांनी हा कायदा मान्य केला, पण रेघ मारायचा मान त्यांचा.

महिना झाल्यावर आबांना पुण्याला तपासणीला नेलं. डोळा उत्तम होता. काळा चष्मा गेला आणि साधा नंबराचा मिळाला. परत खोलीवर आले, चपला काढल्या, खिडकीशी गेले आणि तिथंच उभे राहिले.

“ह्यो कुटला मासा?”

“तोच आहे आबा.”

“त्यो काळा व्हता. ह्यो तर निळा हाय!” खरं तर मासा पहिल्यापासून गडद निळा होता, उन्हात धरला तर मोरपंखी. त्यांनी बरणी उचलून दारात नेली, फिरवून फिरवून पाहिली. मग मान वळवून माझ्याकडंही पाहिलं. बहुधा मीसुद्धा त्यांना तेव्हाच नीट दिसले. “बारीक झालीयास,” ते म्हणाले. “मटार खात जा.”

आबा गावी गेले. गावातल्या फोनच्या बूथवरून ते दर रविवारी आमच्या घरमालकांकडं फोन करायचे. घरमालकीण ओट्यावरून हाक मारायची, “आबांचा फोन!” आणि नवरा उठला की म्हणायची, “तुम्हाला नाही, तिला.” आधी माशाचं पोट, मग माशाचं खाणं, मग उरलेल्यांची चौकशी. एकदा बरणीत वरच्या बाजूला माशानं बुडबुड्यांचं साबणाच्या फेसासारखं घरटं केलं. मी घाबरून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर म्हणाला, नर खुशीत असला की असं करतो. यावेळी त्यानं तो धडा वाचून ठेवला होता. मी हे फोनवर सांगितलं. मग बूथमधल्या लोकांना आबा सांगत असल्याचं ऐकू आलं, “मासा घर बांधतोय, घर!”

मासा त्यानंतर सव्वा वर्ष जगला. शेवटी शेवटी रंग फिका झाला, खाणं कमी झालं आणि एका सकाळी तो तळाशी शांत पडलेला दिसला. यावेळी पोट फुगलं नव्हतं, काही झालं नव्हतं. त्याचं वय झालं होतं. फोनवर सांगावंसं वाटेना, म्हणून मी सुट्टीत गावी गेले तेव्हा ओसरीवर आबांशेजारी बसून सांगितलं. हो, ओसरीवर, शेजारी. सासूबाई आतून बघत होत्या आणि काही म्हणाल्या नाहीत.

आबांनी ऐकून घेतलं. “तरास झाला का त्येला?”

“नाही.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. मग पटका सावरत उठले. “चल, तुला एक दावतो.”

गोठ्याच्या मागच्या बाजूला नवी वाघूर लावलेली होती. आत दोन मेंढ्या. सासूबाईंना त्यांनी महिनाभर सांगितलं नव्हतं म्हणे, शेजाऱ्याच्या आहेत असं म्हणत होते. एक धिप्पाड, एक जरा लंगडी. लंगडीला बाजारात कुणी घेत नव्हतं. आबांनी तिचा पाय उचलून मला दाखवला, खुराच्या बेचक्यात कुठं पिकलं होतं, आता कसं भरत आलंय. मला हळदीची वाटी धरायला सांगितली. मी पदर खोचला आणि मेंढीच्या पोटाला गुडघा टेकवून बसले. तिनं पहिल्यांदा माझी वेणी हुंगली आणि मग ती खायला सुरुवात केली. आबा म्हणाले, “वरडू नगंस, बिथरंल ती,” आणि मी ओरडले नाही.